हानिविमुखता

ठराविक रकमेच्या लाभातून मिळणाऱ्या समाधानापेक्षा तेवढ्याच रकमेच्या हानीचे दुःख अधिक तीव्र असते आणि त्यामुळे माणसाचे निर्णय हानी टाळण्याकडे झुकतात; या प्रवृत्तीला वर्तनवादी अर्थशास्त्रात हानिविमुखता म्हणतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’चा हा गाभा होय. हानीचे वजन लाभाच्या सुमारे सव्वादोन पट भरते, असा अंदाज त्यांनी १९९२ मध्ये वर्तवला.

या विचारात रकमेहून महत्त्वाचा ठरतो तो संदर्भबिंदू, म्हणजे ज्या स्थितीपासून माणूस नफातोटा मोजतो ती स्थिती. शेअर घेतलेल्या भावाच्या खाली गेला, की ‘निदान मुद्दल तरी निघू दे’ म्हणून तो धरून ठेवला जातो. वास्तविक खरेदीचा भाव ही होऊन गेलेली गोष्ट असते आणि पुढील भावाशी तिचा संबंध नसतो. तरीही मन हिशेब तिथूनच मांडते. टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका दलाली पेढीची १०,००० खाती तपासून १९९८ मध्ये दाखवले, की गुंतवणूकदार नफ्यातले शेअर तोट्यातल्या शेअरांपेक्षा अधिक तत्परतेने विकतात.

मालकीनेही संदर्भबिंदू सरकतो. कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठातील निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले. मग मिळालेल्यांनी तो विकण्यासाठी साधारण ५.२५ डॉलर मागितले, तर न मिळालेले त्यासाठी तीन डॉलरही मोजायला तयार नव्हते. मात्र ही प्रवृत्ती अढळ मानणे चुकीचे ठरेल, कारण मुरलेल्या व्यापाऱ्यांमध्ये हा परिणाम बराच क्षीण असल्याचे जॉन लिस्ट यांना २००३ मध्ये आढळले.

या ज्ञानाचा सर्वांत हितकर उपयोग बचतीत झाला आहे. पगारातून आज कपात म्हणजे हातातून पैसा जाणे. म्हणून थेलर व श्लोमो बेनार्ट्झी यांच्या योजनेत कामगारांनी भावी पगारवाढीचा काही भाग निवृत्तिनिधीत वळवण्यास आधीच संमती द्यायची होती, जेणेकरून हाती येणारा पगार कधीच घटू नये. पहिल्या प्रयोगात सहभागी कामगारांच्या बचतीचे प्रमाण ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले.