मुद्रेचा माग

गावाबाहेरच्या पडीक जागेत, कुंपणाच्या कडेला, कमरेएवढे एक झुडूप वाढलेले असते. पाने बदामाच्या आकाराची, हाताला मखमली. फुले पिवळी, पाच पाकळ्यांची, दुपार कलल्यावर उमलणारी. पण ओळख पटते ती फळावरून. पंधरा-वीस कप्प्यांचे ते चक्र शाई लावून कागदावर दाबले की शिक्का उमटतो, म्हणून मराठीत हिला मुद्रा म्हणतात. कोणी पेटारीही म्हणतात.

हिचा माग काढत आपण मागे गेलो तर चरकसंहितेपाशी पोहोचतो. तिथे बल देणाऱ्या दहा औषधींत बला आणि अतिबला दोघी आहेत. बला म्हणजे आपला चिकणा, अतिबला ही मुद्रा, असे वैद्य परंपरेने मानत आले. पुढे निघंटूंनी तिला कंकतिका, म्हणजे फणी, म्हटले. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण नाव ठेवणाऱ्याने ते दातेरी फळ नीट न्याहाळले होते.

1686 साली ॲम्स्टरडॅममध्ये ‘हॉर्टस मलाबारिकस’चा सहावा खंड छापला गेला, आणि मुद्रा ‘बेलूरे’ या नावाने चित्रात उतरली. मलबारचे डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यांच्या या ग्रंथाला इट्टी अच्युतन या वैद्यांच्या जोडीने रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचेही साहाय्य होते. त्या तिघांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात आजही वाचता येते.

इथून पुढे नाव युरोपीय पंडितांच्या हाती गेले. मिलर यांनी 1754 मध्ये अब्युटिलॉन ही प्रजाती वेगळी मांडली होती. हे नाव मूळचे अरबी, त्याचे श्रेय वैद्य इब्न सिना यांच्याकडे जाते. तरीही लिनियस यांनी 1756 मध्ये मुद्रेला चिकण्याच्या घरात, सिडा प्रजातीत, बसवले. 1826 मध्ये स्वीट यांच्या ग्रंथात ती अब्युटिलॉन इंडिकम झाली. 1894 मध्ये तिच्या एका दुर्मीळ सह्याद्रीवासी बहिणीला, सोनघंटेला, रानडे या मराठी वनस्पती-संग्राहकाचे नाव मिळाले: अब्युटिलॉन रानडेई.

मुद्रा की चिकणा, हा घोळ आपण रस्त्याकडेलाही सोडवू शकतो. वाळलेल्या फळाचा एक कप्पा नखाने उकलावा. चिकण्याच्या कप्प्यात एकच बी असते. मुद्रेच्या कप्प्यातून दोन-तीन काळ्या बिया तळहातावर पडतात.