कलमवार वाटाघाट

परमुलखातील व्यापाऱ्यांशी बोलणी करताना मागण्यांचे गाठोडे न ठेवता त्या कलमवार मांडणे, प्रत्येक कलमाचा वेगळा निवाडा करणे आणि अडलेल्या कलमापायी बाकीचा करार न अडवणे, अशी ही पद्धत. हट्ट आणि हित निराळे ओळखावे, हे तिच्यामागचे तत्त्व रॉजर फिशर व विल्यम युरी यांच्या १९८१ मधील पुस्तकामुळे व्यवस्थापनाच्या वर्गांत पोहोचले. मराठी मुलखात तिचा ठळक दाखला त्याआधी तीनशे वर्षांचा, १६७४ च्या रायगडावरचा आहे.

१६६० मध्ये राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याच्या बाजूने शिवाजी महाराजांच्या पन्हाळ्यावर तोफगोळे डागले. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्यांना कैद केले. नुकसानभरपाईचे भांडण मग दशकभर चालले. १६७२ मध्ये उस्टिक आणि १६७३ मध्ये निकल्स हे इंग्रज वकील येऊन गेले, पण तड लागली नाही. अखेर मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने हेन्री ऑक्झिंडेनला वीस कलमांचा मसुदा देऊन पाठवले. दुभाषा होता नारायण शेणवी, आणि दरबारातर्फे बोलणारे निराजीपंत.

महाराजांचा राज्याभिषेक १६७४ च्या ६ जूनला झाला, करार १२ जूनला. अडीच टक्के जकात आणि वखारींची परवानगी यांवर फारशी घासाघीस झाली नाही. खरी कसोटी दोन कलमांवर लागली. इंग्रजी नाणे राज्यात चालावे, या मागणीवर उत्तर आले की नाणे कसाला उतरले तर कोणी अडवणार नाही, पण रयतेला तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती राजा करणार नाही. म्हणजे कलमाची गरजच उरली नाही. वादळाने किनाऱ्याला लागलेली जहाजे व माल परत मिळावा, ही मागणी मात्र साफ नाकारली गेली. तो कोकणचा रिवाज नव्हे, आणि इंग्रजांना सूट दिली तर डच व फ्रेंचही तीच मागतील. पायंड्याचा हा हिशेब आजच्या कोणत्याही करारतज्ज्ञाने मान्य करावा असाच.

भरपाईची तोडही पाहण्यासारखी आहे. ती दहा हजार होनांची ठरली, पण ते रोख कोणीच मोजले नाहीत. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल ५,००० होनांचा माल घ्यावा व निम्मीच किंमत द्यावी, म्हणजे ७,५०० वळते होतील. उरलेले २,५०० राजापूरच्या जकातीतून वजा व्हावेत. दरबाराच्या खजिन्याला धक्का नाही, इंग्रजांची खरेदीही बांधली गेली.

इंग्रजांना यापलीकडे घाटमाथ्याचा व्यापार खुला हवा होता. तो चालायचा घाटवाटांवरून.  

कागद चोख होता, अंमलबजावणी कच्ची. वर्ष उलटण्याआधीच मराठी फौजेने खानदेशातील धरणगावची इंग्रज वखार लुटली आणि १६७५ मध्ये भरपाई मागायला इंग्रजांचा वकील पुन्हा रायगड चढला.