पवनचक्कीच्या पोटातलं लाकूड

मनमाडहून मालेगाव-धुळे करत साक्री तालुक्यात गेलात, की ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिसतात. अशा पात्यांत फायबरग्लासच्या थरांमध्ये बऱ्याचदा बाल्सा लाकूड भरतात. आपल्या काटेसावरीच्या कुळातलं झाड. नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ, पण रुंद पानांचं म्हणून शास्त्रात 'हार्डवुड'! जगातला बहुतेक बाल्सा इक्वाडोरचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानाच्या अंगातही तोच होता.

मला मात्र खरी गोष्ट वाटते ती २०२० ची. सरकारी अनुदान संपायच्या आत चीनमध्ये पवनचक्क्या उभ्या करायची घाई झाली. बाल्साचे भाव भडकले, लागवडीतला माल पुरेना, आणि तोडणारे थेट ॲमेझॉनमधल्या आदिवासींच्या नदीबेटांवर शिरले. कंपन्या प्लास्टिकच्या फोमकडे वळेपर्यंत कित्येक बेटांवरचा बाल्सा तोडून झाला होता.