सुताराच्या नमुन्यातून वाढलेलं गाव

डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगोलँडमध्ये एक जागा अशी आहे, जिथे सगळं कुटुंब वाकतं. मिनिलँड या चिमुकल्या गावाच्या कडेला आजोबा गुडघ्यांवर हात टेकतात, आई उकिडवी बसते. वाकावं लागत नाही ते फक्त लहानग्याला. त्याच्या अगदी डोळ्यांसमोर बंदरातल्या बोटी हलतात, आगगाडी वळण घेते, रस्त्यावर मोटारी धावतात. ठोकळ्यांची ही घरं खऱ्या घरांच्या विसाव्या हिश्शाएवढी. पाळण्यांत बसायला आलेली माणसं इथे तासन्‌तास रेंगाळतात. यामागचं कारण शोधायचं, तर या बागेचं कूळ पाहावं लागतं, आणि ते निघतं एका सुताराच्या घराण्यात.

यूटलंडच्या सपाट, नापीक माळावर बिलुंड हे तेव्हा छोटंसं खेडं होतं. १९१६ साली ओले कर्क क्रिस्तियनसन याने तिथली सुतारकामाची कार्यशाळा विकत घेतली. आसपासच्या शेतकऱ्यांची घरं बांधावीत, दारं-खिडक्या आणि सामान करावं, असा धंदा. १९३०च्या दशकात मंदी आली. शेतकऱ्याच्याच हातात पैसा नाही, तर तो घर कुठून बांधणार? मग ओले शिड्या, स्टुलं, इस्त्रीची टेबलं अशा किरकोळ वस्तू करू लागला. खर्च आटोक्यात राहावा म्हणून तो आधी या वस्तूंचे छोटे नमुने करून पाहायचा, आणि त्या इवल्या शिड्या पाहूनच त्याला खेळणी करायचं सुचलं, असं सांगतात. १९३२ साली तो खेळण्यांकडे वळला. त्याच वर्षी त्याची बायको गेली. पदरात चार मुलगे होते.

‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून त्याने आपल्या कारखान्याचं नाव ठेवलं, ‘लेगो’. दोरीने ओढायचं लाकडी बदक हे तिथलं लाडकं खेळणं. या बदकाची एक गोष्ट त्या घराण्यात पुढे सांगितली जात राहिली. मुलगा गॉटफ्रेड याने एकदा बदकांना तीनऐवजी दोनच हात रोगण लावलं, ती स्टेशनवर पोचवली आणि पैसे वाचवल्याचं बापाला आनंदाने सांगितलं. बापाने त्याला तसंच माघारी स्टेशनवर धाडलं. पाठवलेली बदकं परत आणायची आणि तिसरा हात एकट्याने द्यायचा. लहान मुलाच्या हातात जाणारी वस्तू म्हणून तिच्यात कसूर चालणार नाही, हा त्या घरचा कुळाचार होता.

पुढे प्लास्टिक आलं. १९४९ साली बिलुंडमध्ये एकमेकांवर बसणारे ठोकळे तयार होऊ लागले. त्यांची कल्पना इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांवरून घेतलेली होती. कुळकथेत हे ऋणही नोंदवायलाच हवं. हे पहिले ठोकळे आतून पोकळ असत, त्यामुळे त्यांची पकड सैल राहायची. २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज झाला, तो या दोषावरच्या उपायाचा. ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवल्या, आणि खालच्या ठोकळ्याचे उंचवटे त्या नळ्या नि ठोकळ्याच्या भिंती यांच्यामध्ये घट्ट धरले जाऊ लागले. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो. त्याच वर्षी ओले वारला.

पण बागेचं बी त्याआधीच पडलं होतं. सुटी सुटी खेळणी काढण्यापेक्षा ज्यात सगळं एकमेकांशी जुळेल असा संच काढावा, हे गॉटफ्रेडच्या मनाने घेतलं होतं. १९५५ साली त्याने बाजारात आणला तो गावाचा संच. अंथरायला रस्त्यांचा नकाशा, त्यावर मुलांनी रचायची घरं, चिमुकल्या मोटारी आणि झाडं. मूल जमिनीवर बसून अख्खं गाव वसवू लागलं. तेरा वर्षांनी उभी राहिलेली बाग म्हणजे हाच संच वाढवून मोकळ्यावर मांडलेला.

तिला निमित्त झाले पाहुणे. दुकानांच्या आणि प्रदर्शनांच्या सजावटीसाठी कारखान्यात ठोकळ्यांच्या मोठमोठ्या प्रतिकृती होत. गॉटफ्रेडच्या नात्यातली बहीण डॅग्नी होल्म शिल्पकला शिकलेली होती. ती १९६१ साली या कामात आली, आणि चौकोनी ठोकळ्यांतून माणसं, प्राणी, घरं उभी करू लागली. हे पाहायला साठाच्या दशकात वर्षाला वीसेक हजार लोक कारखान्यात येऊ लागले. कामाचा खोळंबा होई, पण आलेल्याला माघारी कसं पाठवायचं? तेव्हा प्रतिकृतीच बाहेर मांडाव्यात, असं गॉटफ्रेडने ठरवलं.

त्याच्या डोळ्यांसमोर हेग शहरातलं मादुरोदाम होतं. १९५२ साली उघडलेलं हे चिमुकलं डच शहर. जॉर्ज मादुरो हा तरुण नाझींविरुद्ध लढला आणि १९४५ साली डाखाउच्या छळछावणीत मेला. त्याच्या आईवडिलांनी मुलाचं स्मारक म्हणून या शहराला सुरुवातीचा पैसा दिला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात एका मुलाच्या आठवणीसाठी कुठेही पडझड नसलेलं शहर उभं राहिलं, आणि इतर मुलं ते डोळे भरून पाहू लागली. लेगोलँडच्या कुळात हे दुःखही आहे. मला ते फार मोलाचं वाटतं.

मांडणीसाठी गॉटफ्रेडने आर्नोल्ड बाउट्रुप यांना बोलावलं. कोपनहेगनच्या एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवणारा हा माणूस. ७ जून १९६८ रोजी बाग उघडली. मिनिलँड होतं, छोटी आगगाडी होती, आणि मुलांना मोटार चालवायला नि रहदारीचे नियम पाळायला शिकवणारी शाळाही होती. अंथरायच्या नकाशावरच्या रस्त्यांवर आता मुलं स्वतःच गाडी चालवत होती. पहिल्याच हंगामात सव्वासहा लाख माणसं आली. कारखान्यासाठी बांधलेली धावपट्टी १९६४ मध्येच सार्वजनिक विमानतळ झाली होती. सुताराच्या खेड्याला जगाची वाट मिळाली होती.

तिथून वंशवेल पसरली. १९९६ मध्ये इंग्लंडमधलं विंडसर, १९९९ मध्ये कॅलिफोर्निया, २०१२ मध्ये मलेशियातलं जोहोर, २०१६ मध्ये दुबई. सिंगापूरची मराठी कुटुंबं पूल ओलांडून जोहोरच्या बागेत जातात, दुबईतली सुटीच्या दिवशी तिथल्या बागेत. दिवाळीत माती कालवून किल्ला केलेल्या, त्याच्या पायऱ्यांवर मावळे मांडलेल्या आजोबांना मिनिलँड समजावून सांगावं लागत नाही.

सुताराने लाकूड वाचावं म्हणून शिडी लहान केली. नातवंडांच्या पिढीला त्यातून अख्खं जग हाताशी आलं. एरवी मुलाला प्रत्येक गोष्ट मान वर करून पाहावी लागते. इथे घरं, मनोरे, पूल त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात, आणि वाकायची पाळी मोठ्यांवर येते. लेगोलँडला जाल तेव्हा पाळण्यांच्या रांगेतला थोडा वेळ इथे द्या. मुलाच्या उंचीला खाली बसा, आणि त्याला बोट धरून तुम्हाला गाव दाखवू द्या.