अठ्ठावीस कुत्री आणि दोन काडतुसं

ध्रुवावरच्या मोहिमांच्या गोष्टीत माणसांची नावं आपल्या लक्षात राहतात. कुत्र्यांचा फक्त आकडा असतो. आज त्या आकड्याबद्दल थोडंसं.

१४ मार्च १८९५. नॉर्वेचा फ्रिड्यॉफ नान्सेन आणि त्याचा सोबती यालमार योहान्सेन बर्फात अडकलेलं 'फ्राम' जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले. ३ स्लेज, २ कयाक, २८ कुत्री. पारा उणे ४० च्या आसपास. जहाज बर्फाबरोबर वाहत चाललेलं, त्यामुळे परत येऊन ते सापडण्याची आशा नाही. थोडक्यात, दक्षिणेकडची जमीन चालत गाठायची!

नान्सेनचा हिशोब साधा होता. अन्न संपतं तसं ओझं कमी होतं, ओझं कमी झालं की कुत्री कमी लागतात. मग जास्तीचं कुत्रं मारायचं आणि बाकीच्यांना खाऊ घालायचं. रिसोर्स प्लॅनिंग म्हणून बघितलं तर एकदम चोख. पहिलं कुत्रं मारलं तेव्हा काहींनी ते मांस खाल्लंच नाही, उपाशी राहिली. पुढे भूक वाढली तशी खायला लागली. काडतुसं वाचवायची म्हणून सुरी वापरायचे.

८ एप्रिलला ८६ अंश १४ मिनिटांवरून दोघे मागे फिरले. इतक्या उत्तरेला तोवर कुणीच पोचलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये बर्फ संपून मोकळं पाणी लागलं. पुढचा प्रवास कयाकमधून, आणि कुत्री उरली होती दोन, काइफास आणि सुगेन. त्यांना नेणं शक्य नव्हतं. पण या दोघांवर सुरी चालवणं काही जमेना. नान्सेनने योहान्सेनचं कुत्रं गोळी घालून मारलं, योहान्सेनने नान्सेनचं. आपापलं कुणालाच मारवलं नाही.

पुढचा अख्खा हिवाळा ते फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांच्या खोपटात अस्वलं आणि वॉलरस मारून जगले. १७ जून १८९६ ला त्यांना इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन भेटला आणि ते वाचले. म्हणजे एकेक काडतूस किती मोलाचं होतं बघा!

हाच हिशोब १९११ मध्ये अमुंडसेनने दक्षिण ध्रुवावर वापरला. ५२ कुत्री निघाली, ११ परतली. १९९४ पासून तर अंटार्क्टिकावर कुत्री न्यायलाच बंदी आहे.

या माणसांना आज क्रूर म्हणणं सोपं आहे. कुत्री नसती तर ते दोघे बहुतेक परतलेच नसते. पण त्यांचा हिशोब कुत्र्यांना आकडा समजेपर्यंतच चालला. पाच महिने रोज बरोबर चाललेल्या शेवटच्या दोघांपाशी तो मोडला, आणि त्याची किंमत त्यांनी काडतुसांत मोजली. मला तरी ८६ अंशांपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं.