इंदूर पद्धत आणि ढिगातील जिवाणू

१९२४ साली होळकर संस्थानातील जमिनीवर इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संशोधनसंस्था उभी राहिली, आणि तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड व रसायन विभागातील त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे बसवलेली कंपोस्टची रीत १९३१ च्या त्यांच्या संयुक्त ग्रंथातून ‘इंदूर पद्धत’ म्हणून देशोदेशी पोहोचली. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या इतिहासात कायमचे झाले. वाड यांचे विस्मरण मात्र अन्यायाचे आहे, कारण १९३४ मध्ये वस्तीतला कचरा व मैला यांनाही ही रीत लागू करून दाखवणाऱ्या लेखनात सहलेखक जॅक्सन यांच्यासह त्यांचाच वाटा होता.

सुमारे दोन फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देत, त्यात आधीच्या खड्ड्यातील बुरशी धरलेला माल विरजणासारखा मिसळत, आणि तीन महिन्यांत तीन वेळा ढीग खालीवर करत. यातील राखेचे मोल ओल्या खरकट्याच्या बाबतीत विशेष जाणवते. भात-भाजीतील साखर व पिष्ट यांवर प्रथम लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू वाढतात, ढीग आंबतो, आणि हवा कमी पडली तर हे आम्ल पुढील जिवाणूंना रोखून धरते, त्यामुळे ऊब चढतच नाही; राख आम्ल मारते, तर चाळवणीने हवा मिळते. मग तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाताच सौम्य उष्णतेतले जीव मागे पडतात आणि कठीण कवचाचे बीजाणू धरून तग धरणारे बॅसिलस कुळातील जिवाणू ढिगाचा ताबा घेतात. त्यांच्यामागून अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया, म्हणजे बुरशीसारखे तंतू काढणारे जिवाणू, चिवट तंतुद्रव्याला भिडतात. ढिगात दिसणारी राखाडी-पांढरी भुकटी बहुधा त्यांचीच असते. ढीग निवाल्यावरच अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू जोर धरतात.

आधी बुरशी आणि नंतर जिवाणू, एवढा क्रम हॉवर्ड-वाड यांनी ओळखला होता. तापमानागणिक ढिगातील सूक्ष्मजीवांची वस्ती कशी पालटते, हे न्यू जर्सीत सेल्मन वाक्समन व सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये घोड्यांच्या लिदीच्या ढिगांवर तपासले, आणि प्रयोगशाळेत वाढवता न येणाऱ्या जिवाणूंची ओळख तर जनुकीय तपासणी रुळल्यावरच पटू लागली; इंदूरच्या खड्ड्यांवर मात्र ढीग चाळवण्याची वेळ त्याआधीच ठरून गेली होती.