डिझेलच्या टाकीतलं गोडं तेल

रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं आणि पुढे खनिज तेलवाल्यांनी ते पळवलं, ही कथा जुन्या ट्रकांच्या शौकिनांत फार लाडकी आहे. रंगतदार आहे, पण खरी नाही. डिझेलनं 1892 साली पेटंट मागितलं तेव्हा त्याच्या डोक्यात बरीच इंधनं होती, अगदी कोळशाची भुकटीसुद्धा. 1897 साली आउग्सबुर्गला जे इंजिन नीट चाललं, ते मात्र खनिज तेलावर.

शेंगदाणा आला तो 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात, आणि तोही सरकारी हौसेनं. ऑटो कंपनीनं मांडलेलं एक छोटं डिझेल इंजिन फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं गेलं. इंजिनात काहीही फेरफार नव्हता. ते इतकं सुरळीत चाललं की तेल बदललंय हे फारच थोड्यांच्या लक्षात आलं. ही हकिगत खुद्द डिझेलनंच 1912 साली लंडनच्या व्याख्यानात सांगितली. सरकारचा हिशेब साधा होता: आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड पिकतो, मग तिथली इंजिनं चालवायला कोळसा आणि तेल बाहेरून कशाला न्यायचं? म्हणजे या इंधनाच्या कुळात मूळ पुरुष पर्यावरणप्रेमी नाही, वसाहतीचा कारभारी आहे.

पुढची अडचण घट्टपणाची. चाळीस अंशाला खाद्यतेल डिझेलच्या दहापट तरी घट्ट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, जाड थेंब पडतात आणि ते अर्धवट जळतात. नोझलच्या तोंडाशी काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरून त्याचाच चिखल करतं. थोडा वेळ चालवून दाखवायला कुठलंही तेल चालतं. खरी परीक्षा शेकडो तासांनंतर होते.

यावरचा तोडगा ब्रुसेल्स विद्यापीठातल्या जी. शावान यांनी काढला. 31 ऑगस्ट 1937 च्या त्यांच्या बेल्जियन पेटंटात आजचं बायोडिझेल जवळजवळ जसंच्या तसं आहे. तेलाच्या रेणूत तीन लांब साखळ्या ग्लिसरीनला बांधलेल्या असतात. अल्कोहोल घालून ती गाठ सोडवली की ग्लिसरीन वेगळं होतं आणि उरतं ते साधारण डिझेलइतकं पातळ इंधन. 1938 साली ब्रुसेल्स ते लूव्हें या मार्गावर प्रवाशांची बस पामतेलापासून केलेल्या अशा इंधनावर धावली. पामतेलच का, तर काँगो बेल्जियमच्या ताब्यात होता. पुन्हा वसाहतच. मग महायुद्ध झालं, नंतर खनिज तेल स्वस्त झालं आणि शावानचं काम कपाटात गेलं.

ते पुन्हा बाहेर निघालं तेलटंचाईनंतर. दक्षिण आफ्रिकेत सूर्यफुलाच्या तेलावर प्रयोग झाले, ऑस्ट्रियात मोहरीच्या कुळातल्या रेपसीडवर, आणि 1991 साली ऑस्ट्रियानंच या इंधनाचं पहिलं प्रमाण ठरवलं. त्याच सुमारास अमेरिकेत मिसूरी विद्यापीठानं कमिन्स इंजिनाचे डॉज पिकअप निव्वळ सोयाबीनच्या बायोडिझेलवर पळवले. हवाईतल्या माउई बेटावर 1996 साली कारखाना निघाला तो हॉटेलांतल्या तळणीच्या तेलासाठी. तोवर ते तेल कचरा डेपोत ओतलं जात होतं.

तळणीचं तेल आलं आणि ही विद्या घराच्या मागच्या शेडमध्ये शिरली. लिटरभर ताज्या तेलाला साधारण 200 मिली मेथॅनॉल आणि साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा. तेल वापरलेलं असेल तर ते किती आंबट झालंय हे आधी मोजायचं: थेंबाथेंबानं सोड्याचं पाणी टाकत गुलाबी रंग टिकेपर्यंत. त्या मापानं सोडा वाढवायचा. ढवळून रात्रभर ठेवलं की तळाशी काळपट ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचं इंधन. तेलात पाणी राहिलं तर मात्र पिंपभर साबण होतो! मेथॅनॉल विषारी आणि भडकू, तेव्हा हा खेळ स्वयंपाकघरातला नव्हे.

दुसरी शाखा तेलाला हात न लावता ट्रक बदलणाऱ्यांची. दोन टाक्या: सुरुवात डिझेलवर, मग रेडिएटरच्या गरम पाण्यानं तेल सत्तरएक अंशापर्यंत तापलं की कॉक फिरवायचा. गाडी बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचं, नाहीतर पंपात थंड तेल गोठून बसतं. इथे जुना ट्रक उजवा ठरतो, कारण त्याचा इनलाइन पंप दणकट आणि बहुधा इंजिन ऑइलवरच वंगण घेणारा. रोटरी पंपाचं सगळं वंगण इंधनातूनच, त्यामुळे घट्ट तेलानं तो लवकर मान टाकतो. धुराला भज्यांचा वास येतो तो फुकटचा.

आपल्याकडे असा ट्रक अनोळखी नाही. 1954 पासून टेल्कोनं डाइमलर-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला जे ट्रक काढले, ते याच दणकट पिढीचे. रेल्वेनं 31 डिसेंबर 2002 ला अमृतसर शताब्दी 5 टक्के बायोडिझेल मिसळून चालवली. पुढे पडीक रानावर मोगली एरंड लावून डिझेलची विहीर खणायची स्वप्नं दाखवली गेली. 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं, त्याच्या जवळपासही आपण गेलो नाही. पडीक जमिनीत, पाण्यावाचून, भरघोस बी कुठून येणार? त्यापेक्षा 2018 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तळणीचं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायचं धरलेलं धोरण मला जास्त शहाणपणाचं वाटतं. निदान ते तेल पुन्हा कढईत जात नाही.

तुमच्या दारात जुना ट्रक असेल तर एवढं ध्यानात ठेवा. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला आणि एक जवळ ठेवा. जुने रबरी पाइप आणि सील त्यात फुगतात, मऊ पडतात. ते आधीच बदलून घ्या. आणि बीएस-6 च्या नव्या ट्रकमध्ये कच्चं खाद्यतेल कोणी कितीही सांगितलं तरी ओतू नका. त्याचे इंजेक्टर त्यासाठी बनलेलेच नाहीत.